घरची मोटार आणि घरच्या सायकली

मध्यम स्थितीच्या घरात मोटार घेण्याची गोष्ट एकदा निघाली म्हणजे पुढील दोन-तीन महिने त्या घरात दुसरा विषय उरत नाही. रंगावरून मुलांची भांडणे होतात, हप्ता किती बसेल ह्याचा हिशेब कर्ता पुरुष जेवतानाही मनातल्या मनात करीत असतो, आणि शेजारचे गृहस्थ न विचारता येऊन आपली गाडी एका लिटरला किती धावते ते सांगून जातात. ह्या सगळ्या खलात एक प्रश्न मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही. घरची सगळी माणसे आणि त्यांचे सगळे सामान ही दोन्ही त्या मोटारीत एकाच वेळी मावतात काय, हा तो प्रश्न. ज्या घरात सायकली आहेत, आणि त्या गावाबाहेर नेऊन चालविण्याची हौसही आहे, त्या घराला हा प्रश्न टाळता येत नाही. टाळला तर तो पहिल्याच रविवारी पहाटे दारात येऊन उभा राहतो. सायकली पोटात घेऊन जाणारी कौटुंबिक मोटार कशी निवडावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणादाखल कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूर घ्यावे. शाहूवाडी तालुक्यातील हे लहानसे शहर रत्नागिरीच्या रस्त्यावर, कोल्हापुराहून सुमारे ४५ किलोमीटरांवर आहे. विशाळगडच्या जहागिरीचा कारभार गडावरून खाली उतरला तो येथेच आला. मलकापूर सोडून पश्चिमेस निघाले की झाडी दाट होऊ लागते, आंबा गाव लागते, आणि तेथून घाट उतरून रस्ता साखरप्यावरून रत्नागिरीकडे जातो. आगगाडी १८९१ साली कोल्हापुरास आली ती तेथेच थांबली. मलकापुरास तिची शिटी कधी ऐकू आली नाही. त्यामुळे येथून सायकल परगावी न्यावयाची तर पूर्वी मुख्य आधार एस. टी.च्या टपाचा. मागील शिडीवरून ती वर चढवावयाची, दोरीने आवळून बांधावयाची, आणि उतरण्याच्या गावी कोणाला तरी हाका मारून खाली घ्यावयाची. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. तेव्हापासून कित्येक वर्षे टपावरच्या सायकली, कोंबड्यांची खुराडी आणि आंब्याच्या पेट्या हे ह्या गाड्यांचे ओळखीचे चित्र होते. पुढे टपांवरील ते कठडे नाहीसे झाले आणि सायकल पुन्हा ज्या गावची त्या गावची झाली.

मलकापुरातून सायकलवर बसून थेट निघता येत नाही असे नव्हे. परंतु दाराशीच रत्नागिरी–नागपूर हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि त्यावर मालमोटारींची वर्दळ असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला अशा रस्त्यावर सायकल देऊन सोडण्यास आईचे मन धजत नाही, आणि त्या बाबतीत आईचेच बरोबर असते. म्हणून सायकल मोटारीत घालावी, शांत रस्त्यापर्यंत न्यावी, आणि तेथे उतरवून चालवावी, अशी कल्पना निघते. आंब्याहून विशाळगडाकडे जाणारा रानातला रस्ता आहे. घाट उतरून गेल्यास रत्नागिरी आणि गणपतीपुळे यांच्यामधला आरे-वारेचा समुद्रकाठ आहे.

आता अशा गावी राहणारे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. हे कोणा एका घरचे वर्णन नव्हे, पण असली घरे आज गावोगाव आहेत. गृहस्थ पंचेचाळिशीचे, त्यांना मोटार चालविण्याची आवड, आणि सायकलीशी त्यांचा संबंध कॉलेजबरोबरच सुटला. सायकली आहेत त्या गृहिणीच्या, सोळा वर्षांच्या मुलीच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या. पाचव्या व्यक्ती म्हणजे आजी. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले. नातवंडे समुद्रकाठी सायकली फिरवीत असता आपण गणपतीपुळ्यास देवदर्शन करावे आणि वाळूवर घटकाभर बसावे, एवढीच त्यांची इच्छा. म्हणजे माणसे पाच आणि सायकली तीन. ह्या आठ जणांना, सायकलींनाही जणच म्हणावयाचे, एका मोटारीत बसवावयाचे आहे.

सायकली मोटारीच्या बाहेर बांधून नेण्याची सोय नाही काय? आहे. मागील दारावर अडकविण्याची चौकट मिळते, टपावर लावण्याची पन्हळही मिळते. परंतु मागे टांगलेल्या सायकलींमुळे क्रमांकाची पाटी आणि तांबडे दिवे झाकले जातात, आणि ते उघड नियमाविरुद्ध आहे. भार मर्यादेपलीकडे बाजूला, मागे किंवा वर गेला तर २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात वीस हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. टपावरच्या सायकलीने गाडीची उंची पावणेतीन मीटरांच्या घरात जाते आणि रानातल्या रस्त्यावरच्या फांद्या तिची वाटच पाहत असतात. शिवाय आंबा घाटातला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या घाटात धुके आणि पाणी यांचे राज्य असते. बाहेर टांगलेली सायकल घाट उतरेपर्यंत चिखलाने माखते आणि चार-आठ दिवसांत तिची साखळी तांबूस होते. साखरप्यास चहाला थांबले तर एकाने गाडीपाशी राखण बसावे लागते ते निराळेच. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने सायकल आतच न्यावी हे खरे.

पण 'आत' म्हणजे नेमके किती जागेत? येथे थोडी शाळेतली भूमिती उपयोगी पडते.

सायकलीची लांबी म्हणजे दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर अधिक एका चाकाचा व्यास. मोठ्या माणसाच्या आजच्या गिअरच्या सायकलीत आसांमधले अंतर सुमारे १०५ ते ११२ सेंटिमीटर आणि चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ७० ते ७४ सेंटिमीटर असतो. एकूण लांबी पावणेदोन मीटर किंवा त्याहून थोडी अधिक झाली. पुष्कळांची समजूत अशी असते की, पुढचे चाक काढले म्हणजे सायकल चाकाच्या व्यासाइतकी आखूड होईल. तसे होत नाही. ती त्रिज्येइतकीच, म्हणजे पस्तीस-सदतीस सेंटिमीटर आखूड होते, कारण चाक गेले तरी त्याला धरणारा चिमटा आसापर्यंत उरतोच. मागचेही चाक काढले तर आणखी एक त्रिज्या कमी होते, आणि उरते ती केवळ आसापासून आसापर्यंतची लांबी. मोठी सायकल पूर्ण असता पावणेदोन मीटर, एक चाक काढल्यावर सुमारे दीड, आणि दोन्ही काढल्यावर एक मीटर आणि थोडेसे वर. हे तीन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावे. मोटारीच्या दुकानात त्यांचा उपयोग होईल. आकड्यांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा असतो. सायकलवाले एका चाकाला '२९ इंची' म्हणतात आणि दुसऱ्याला '७०० सी' म्हणतात. पण दोन्हींच्या रिमवर टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटरच असतो. फरक पडतो तो टायरच्या जाडीने. नावांवर न जाता आपल्या घरची चाके मोजावी हे बरे.

चाक काढणे ही आज अवघड गोष्ट राहिलेली नाही. खटका उलटवून चाक सुटे करण्याच्या युक्तीचे श्रेय इटलीच्या तुलिओ कांपान्योलो ह्या सायकलपटूला दिले जाते. त्याने १९३० साली तिचे पेटंट घेतले. आज बहुतेक गिअरच्या सायकलींना पुढे तरी तसा खटका किंवा सुटी होणारी आसाची दांडी असते, आणि सवयीचा हात अर्ध्या मिनिटात चाक बाहेर काढतो. दांड्यांच्या ब्रेकची, साखळीवर पत्र्याचे आच्छादन असलेली जुनी काळी सायकल मात्र ह्या कामी हट्टी असते. तिचे मागचे चाक काढणे म्हणजे पाना, मळके फडके आणि अर्धा तास. अशी सायकल घरात असेल तर तिला घरीच मान द्यावा, प्रवासास नेऊ नये.

आता मोटारींकडे वळू. पहिला प्रकार चौकोनी पेटीसारख्या व्हॅनचा. १९४७ साली बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत अशा पेटीचे एक रेखाटन केले, आणि त्यातून १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची प्रसिद्ध व्हॅन निघाली. तिचे यंत्र मागे असे, त्यामुळे मागील बाजूची जमीन उंच झाली होती. आपल्याकडे १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने, म्हणजे पुढे ओम्नी ह्या नावाने घरोघर ओळखल्या गेलेल्या गाडीने, यंत्र पुढील आसनांखाली दडविले आणि मागची जमीन सपाट ठेवली. सरकती दारे, उंच छत, सपाट जमीन. सायकलींना ह्याहून सोयीची खोली कोणती? पण ह्या रचनेत गाडी चालविणारा अगदी नाकावर बसतो. त्याचे गुडघे आणि समोरून येणारा धक्का यांच्यामध्ये पत्र्याखेरीज फारसे काही नसते. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले. जुनी स्वस्त मिळते म्हणून घाटाच्या रस्त्यासाठी ती घ्यावी, असे म्हणवत नाही. तिच्यामागून २०१० साली आलेली ईको ३६७५ मिलिमीटर लांबीत पुष्कळ जागा देते आणि तिचीही दारे सरकती आहेत. मात्र रुंदी १४७५ मिलिमीटरच, आणि उंची १८२५. लांबी-रुंदीच्या मानाने गाडी उंच आहे हे आकड्यांवरूनच दिसते. घाटातल्या वळणावर वेग बेताचा ठेवावा.

दुसरा प्रकार तीन रांगांच्या गाड्यांचा, आणि सध्या मध्यम घरांचा कल ह्याच गाड्यांकडे आहे. येथेच मोठी फसगत होते. ती विक्रेता खोटे बोलतो म्हणून नव्हे, तर तो दोन खऱ्या गोष्टी लागोपाठ सांगतो म्हणून. 'सात माणसे बसतात' हे खरे. 'डिकी एवढी मोठी होते' हेही खरे. पण दोन्ही एकाच वेळी खरे नसते. एर्टिगाचेच आकडे पाहावे. सगळी आसने उभी असता तिची डिकी २०९ लिटरांची, तिसरी रांग पाडल्यावर ५५०, आणि दुसरीही पाडल्यावर ८०३ लिटरांची, असे तिचे कारखानदार सांगतात. म्हणजे ८०३ लिटर हवे असतील तर माणसे दोनच उरली. रेनोच्या ट्रायबरची तिसरी रांग तर सबंध उचलून बाहेर काढता येते. आसने काढता येण्याची ही कल्पना रेनोने युरोपात १९८४ सालच्या एस्पास गाडीपासून रुळविली होती. ट्रायबर २०१९ साली आली; चार मीटरांच्या आतल्या ह्या गाडीची डिकी सात आसनांसह ८४ लिटरांची असते, आणि तिसरी रांग काढली की ६२५ लिटरांची होते. तथापि काढलेली आसने घरी कोपऱ्यात राहतात. वाटेत देवरुखला एखादे मामा भेटले आणि त्यांना परत मलकापुरास आणावयाचे ठरले, तर त्यांचे आसन घरच्या कोपऱ्यातच असते. इनोव्हाच्या २००५ आणि २०१६ च्या घडणीत तिसऱ्या रांगेची आसने दोन्ही बाजूंना उचलून अडकवावी लागतात. जमीन मोकळी होते, पण रुंदी दोन्हीकडून खाल्ली जाते. बोलेरोत मागे समोरासमोर बसण्याची आसने आहेत, आणि तिची पायरी आजींना विचारूनच ठरवावी.

शिवाय हे लिटर म्हणजे तरी काय? लिटर हे दुधाचे माप. दूध भांड्याच्या आकाराचे होते. सायकल होत नाही. तिला पायडल असते, हँडल असते, आणि ते नेमके दाराच्या चौकटीला अडते. म्हणून लिटर विसरून चार मापे घ्यावी. मागील दाराच्या चौकटीची रुंदी आणि उंची. दोन्ही चाकांच्या पत्र्याच्या कमानींमधले अंतर. दुसऱ्या रांगेच्या पाठीपासून बंद केलेल्या मागील दारापर्यंतचे अंतर. आणि मागील उंबरठा जमिनीपासून किती वर आहे ते. तिसरे माप दोनदा घ्यावे, एकदा तळाशी आणि एकदा गुडघ्याइतक्या उंचीवर, कारण मागील काच पुढे कललेली असते आणि तळाशी मिळालेली जागा वर नाहीशी होते. चौथे माप दिसावयास क्षुल्लक आहे. पण पंधरा किलोची सायकल कंबरेइतक्या उंबरठ्यावरून आत ढकलणे आणि गुडघ्याइतक्या उंबरठ्यावरून ढकलणे यांत किती अंतर आहे, ते तिसऱ्या सायकलीला कळते. ठेंगण्या जमिनीची गाडी आजींच्या गुडघ्यालाही सोयीची पडते, हा आणखी एक लाभ.

वायूवर चालणाऱ्या गाडीचा मोह ज्यांना आहे त्यांनी डिकी उघडून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. सीएनजीची टाकी पुष्कळ गाड्यांत नेमकी डिकीतच असते. काही कारखानदार अलीकडे ती जमिनीखाली बसवू लागले आहेत, पण सगळ्यांनी ते केलेले नाही. इंधनात वाचलेले पैसे आणि सायकलीची गमावलेली जागा, ह्यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे सांगितले त्याकडे येऊ. पाच माणसे आणि तीन सायकली, असा प्रश्न पडला म्हणजे आपल्या घरांतून त्याची दोन उत्तरे सर्रास काढली जातात. पहिले उत्तर असे: "आजींना कशाला एवढी दगदग? त्या घरीच बऱ्या." दुसरे असे: "एक आसन पाडू, आणि धाकटा बसेल मागे सायकलींपाशी. मुलांना आवडते तसे." दोन्ही उत्तरे हसतमुखाने दिली जातात, आणि दोन्ही चुकीची आहेत.

दुसऱ्याचे आधी पाहू, कारण त्यात जिवाची गोष्ट आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर तिच्यात जे काही बांधलेले नाही ते त्याच वेगाने पुढे जाते. ह्या वेगाचा आघात म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, पडल्याइतका. ताशी ८० किलोमीटरांना हीच उंची सुमारे २५ मीटर होते. वेग दीडपट-पावणेदोनपट झाला तर उंची अडीचपट होते. बारा-पंधरा किलोची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची वस्तू, तिचे दातेरी चक्र आणि उघडे पायडल, तिसऱ्या मजल्यावरून खाली येत आहे आणि खाली आपले मूल बसले आहे, असे चित्र मनात आणावे. घाटात आदळण्याचीही गरज नाही. एका तीव्र वळणावर जोराने ब्रेक दाबला तरी न बांधलेली सायकल अंगावर येते. ज्या जागी आसन नाही आणि पट्टा नाही, ती जागा माणसाची नव्हे. मागील आसनावरही पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे आहे. पण कायदा नसता तरी ही गोष्ट तितकीच खरी राहिली असती. कोणी गॅरेजात नेऊन मागचे बाक कायमचे काढून टाकतात आणि फळी ठोकतात. मोटार वाहन कायद्याचे १९८८ सालापासूनचे कलम ५२ नोंदणीपुस्तकाशी न जुळणारा असा फेरफार करू देत नाही. कारखान्यानेच जे आसन पाडण्याची किंवा काढण्याची सोय दिली आहे तेवढेच पाडावे किंवा काढावे.

पहिले उत्तर कायद्याच्या कक्षेत येत नाही. आजी घरी राहिल्या तर कोणी दंड करणार नाही. पण मोटार घेण्याच्या वेळी ज्यांच्या नावाने पेढे वाटले गेले, ज्यांच्या औषधपाण्याला कोल्हापुरास जावे लागते म्हणून गाडी हवीच असे सगळ्यांना सांगितले गेले, त्याच गाडीत सायकली चढल्या आणि आजी उतरल्या, तर ती गाडी कुटुंबाची म्हणवत नाही. आणि म्हातारी माणसे अशा वेळी तक्रारही करीत नाहीत. "मला काय, मी घर राखते" एवढेच म्हणतात. त्यांच्या ह्या बोलण्यावर विश्वास ठेवणे सोयीचे असते, म्हणून तो ठेवला जातो.

ह्या दोन्ही उत्तरांतून सुटण्याचा मार्ग असा की, सायकलींसाठी आसने मोडण्याऐवजी आसनांसाठी सायकली मोडाव्या. म्हणजे त्या उकलाव्या. पाचही माणसांची आसने जागच्या जागी राहू द्यावी, फक्त तिसरी रांग पाडावी किंवा काढावी, आणि मागे जी जागा उरेल तीत दोन्ही चाके काढलेल्या सायकली बसवाव्या. समजा, कमानींमधली रुंदी १०० सेंटिमीटर आणि आसनाच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली ९० सेंटिमीटर मिळाली. ११० सेंटिमीटरांचा सांगाडा सरळ बसणार नाही. पण पायथॅगोरसाच्या नियमाप्रमाणे ह्या चौकटीचा कर्ण सुमारे १३४ सेंटिमीटर भरतो. तेव्हा तोच सांगाडा तिरपा बसतो. त्यावर दुसरा, मध्ये जुनी गोधडी. मुलाची २० इंची सायकल लहानच असते; तिची दोन्ही चाके काढली तर उरलेला सांगाडा मीटरापेक्षा आखूड होतो. सुटी झालेली सहा चाके पाठीमागे उभी लावावी. सगळा ढीग दुसऱ्या रांगेच्या पाठीपेक्षा वर जाऊ देऊ नये, कारण त्या पाठीपुढे माणसांची डोकी आहेत आणि गाडी चालविणाऱ्यास आरशातून मागचा रस्ता दिसला पाहिजे. प्रत्येक गाडीत हे जमेलच असे नाही. म्हणून तर मापे घ्यावयाची.

ह्याची किंमत काय पडते? निघताना पाऊण तास, पोहोचल्यावर पाऊण तास, आणि हात काळे. साखळी सर्वांत लहान चक्रावर आणून ठेवली तर मागचे चाक निमूट निघते. पायडल आडवे येत असतील तर काढावे. पण डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे न कळल्यामुळे अनेकांनी जोर लावून ते आणखीच घट्ट केले आहेत. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर दोन पट्ट्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारून ठेवावा. मुले हौसेने ब्रेकची मूठ दाबतात, पट्ट्या एकमेकींस चिकटतात, आणि मग समुद्रकाठी पोहोचून चाक काही केल्या बसत नाही. मागील गिअरचा लोंबता भाग खाली दबता कामा नये; तो वाकला तर सगळी सहल वाकते. शेवटी पट्टे. दोरी ताणते, सुटते. मालमोटारवाले वापरतात तसले अडकणीचे पट्टे घ्यावे आणि ते डिकीच्या तळातील लोखंडी कड्यांतून ओवून दोन दिशांनी आवळावे. ज्या गाडीच्या डिकीत अशा कड्या नाहीत, ती गाडी ह्या कामासाठी एक पायरी खाली धरावी.

ज्या घरात सायकली दोनच आहेत आणि माणसे चारच, त्या घराला एवढी यातायात नको. दुसऱ्या रांगेचे बाक ज्या गाडीत दोन असमान भागांत पाडता येते, तिचा लहान भाग पाडावा. पुढच्या आसनाच्या पाठीपर्यंत एक लांब बोळ मिळतो. पुढचे चाक काढून सीट खाली दाबलेल्या दोन सायकली तीत उलटसुलट उभ्या राहतात, एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे. घडीच्या सायकलीचाही पर्याय आहे. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० नंतरच्या दशकात ब्रॉम्प्टन ही १६ इंची चाकांची सायकल रचली, तिची घडी प्रवासी पेटीएवढी होते. पण लहान चाकाला खड्डा मोठा वाटतो, आणि शाहूवाडीकडच्या रस्त्यांना खड्ड्यांचे वावडे नाही.

तेव्हा मलकापूरच्या त्या कुटुंबाने काय करावे? दुकानात जाताना तिन्ही सायकली न्याव्या, मोजपट्टी न्यावी, आणि आजींनाही न्यावे. विक्रेत्यास हे थोडे चमत्कारिक वाटेल, वाटू द्यावे. त्याचा तासभर जाईल, घेणाऱ्याची दहा वर्षे जावयाची आहेत. आधी आजींना डावीकडच्या दाराने दुसऱ्या रांगेत बसवावे. पाय नीट खाली टेकतात काय, उठताना हाताला धरावयास काही आहे काय, पट्टा त्यांचा त्यांना लावता येतो काय, हे पाहावे. त्यांचे गुडघे मोकळे राहतील इतके आसन मागे सरकवावे, आणि ते तेथे ठेवून मगच मागची मापे घ्यावी. विक्रेता मापे घेताना आसन हळूच पुढे ओढतो, तिकडे लक्ष असावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ह्या नावाने मोटारींची धडक-चाचणी होऊ लागली आहे; ज्या दोन-तीन गाड्यांत पाच माणसे आणि तीन सायकली मावतील, त्यांतून निवड करताना तिचा निकाल पाहावा. रंग शेवटी, आणि तो मुलांना निवडू द्यावा.

पहिल्या सहलीपूर्वी एका संध्याकाळी अंगणातच सायकली उकलून, भरून, पुन्हा उतरवून पाहाव्या. समुद्रकाठी पोहोचल्यावर जुळणी शांतपणे करावी. आजींना आधी सावलीत बसवून, पाणी देऊन, मग पाना हाती घ्यावा. प्रत्येक चाक बसवल्यावर सायकल उचलून ते हाताने फिरवावे, खटका पुरता मिटला आहे की नाही ते पाहावे, दोन्ही ब्रेक दाबून पाहावे, हँडल सरळ आहे ना ते गुडघ्यांत चाक धरून तपासावे, आणि हे सगळे झाल्यावरच ती मुलाच्या हाती द्यावी.